आजीची तसबीर आणि लंडनची बाई

आमच्या बीडच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चहा येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे पाहत बसतो आणि मग हमखास विचारतो, "सर, ह्या बाई कोण? पाहुण्यातल्या का?"

बाई गोऱ्यापान आहेत. पायघोळ पांढरा झगा, झग्याची कंबर थेट छातीखाली बांधलेली, डोक्याला पुढे आलेली टोपी, हातात मिटलेली छत्री आणि खांद्यावरून घसरत आलेली पिवळी शाल. शालीच्या टोकाला ओळीने कोयऱ्या. या बाईंचे नि आमचे काही नाते असणे शक्य नाही, हे कोणालाही दिसते. पण आमच्याकडे भिंतीवर तसबीर लावायची ती देवाची, थोर पुरुषाची, नाही तर घरातल्या गेलेल्या माणसाची. या बाई पहिल्या दोन प्रकारांत बसत नाहीत, म्हणून पाहुणा बिचारा तिसऱ्याचा अंदाज घेतो. मी त्याला सांगतो, "पाहुण्यातल्या नाहीत. पण त्यांच्या अंगावरची शाल आपल्या देशातली आहे."

खरे म्हणजे या बाई कधी अस्तित्वातच नव्हत्या. लंडनच्या एका मासिकाने त्या महिन्याची वेशभूषा कशी असावी हे वाचकांना दाखवण्यासाठी छापलेले ते चित्र आहे. त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. नेमके साल कोणते, ते मात्र मला आता सांगता येत नाही. ते का सांगता येत नाही, याची कबुली देण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला, तेव्हा ५ फेब्रुवारी १८११ पासून त्याचा मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागला. २९ जानेवारी १८२० रोजी राजा वारला आणि राजप्रतिनिधी राजा झाला. मधल्या नऊ वर्षांना इंग्रज लोक 'रीजन्सी' म्हणतात. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या १८११ पासून छापून येऊ लागल्या, त्या याच काळात. आपल्याकडे तेव्हा पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आमचे बीड निजामाच्या राज्यात होते. इकडे एक राज्य बुडत होते आणि तिकडे लंडनमध्ये, या महिन्यात झग्याला झालर एक असावी की दोन, याची चर्चा चालली होती. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की इतिहासाची अशी गंमत दिसते, आणि ती फारशी हसू येणारी नसते.

ही चर्चा चालवणाऱ्यांत एक मोठे नाव होते रुडॉल्फ आकरमान. हा मूळचा जर्मनीतल्या सॅक्सनीचा. घोडागाड्यांचे नमुने काढणारा कारागीर म्हणून तो लंडनला आला आणि स्ट्रँड या रस्त्यावर त्याने चित्रांचे दुकान थाटले. १८०९ पासून त्याने एक मासिक काढले. ते वीस वर्षे चालले. ते 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्‌स' या छोट्या नावाने ओळखले जाते. त्यात व्यापार, साहित्य, घरसामान, राजकारण असे सगळे असे. शिवाय बहुतेक अंकांत स्त्रियांच्या पोशाखाची दोन चित्रे असत. हा प्रकार त्याने शोधून काढला असे मात्र नाही. पॅरिसमध्ये १७९७ पासून असे नियतकालिक निघत होते आणि लंडनमध्येही 'ला बेल असांब्ले' हे मासिक १८०६ पासून चालू होते.

ही चित्रे कशी होत, ते समजून घेण्यासारखे आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेघा नि ठिपके कोरायचे, त्यात शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. मग निघते ते काळे-पांढरे चित्र. रंग नंतर हाताने भरायचे, एकेका प्रतीत. शेकडो प्रती, म्हणजे तितक्या वेळा तोच गुलाबी आणि तोच पिवळा. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती कधी तंतोतंत सारख्या नसतात. कुठे शालीचा रंग रेघेबाहेर गेलेला असतो, कुठे गालावर लाली जरा जास्त झालेली असते. ज्याने ब्रश धरला त्याचे नाव कुठेच नसते.

कागदाचीही एक गोष्ट आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाला. त्याआधी युरोपात कागद होई तो चिंध्यांचा. जुने, फाटलेले सुती नि तागाचे कपडे कुजवून, कुटून त्यांचा लगदा करीत. म्हणजे नव्या कपड्याचे चित्र छापले जाई ते कोणीतरी टाकून दिलेल्या कपड्यावर! आणि म्हणूनच ती चित्रे टिकली. माझ्याकडचे १९७० च्या सुमाराचे दिवाळी अंक पिवळे पडून कडेने मोडतात. पण दोनशे वर्षांपूर्वीचा हा कागद अजून वाकवला तर वाकतो.

आता त्या बाईंच्या अंगावरच्या कपड्याविषयी. त्या काळात तलम पांढऱ्या मलमलीच्या झग्याचे इंग्लंड-फ्रान्समध्ये वेड होते. मलमल मूळची आपली, ढाक्याची विशेष नावाजलेली. पुढे ब्रिटनच्या गिरण्यांनी यंत्राच्या सुतावर तिची नक्कल केली आणि विणकऱ्यांचे हात रिकामे केले. शाल काश्मीरची. नेपोलियनची बायको जोसेफिन हिच्यामुळे या शालींची हौस युरोपभर पसरली. अस्सल शाल परवडेना, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेझली गावाने तिची नक्कल विणायला घेतली, इतकी की आपल्या कोयरीला जगात आज त्या गावाच्या नावाने ओळखतात. आमच्या बायका काठावर, मेंदीत, रांगोळीत जी कोयरी पिढ्यान्‌पिढ्या काढत आल्या, तिला साहेबाचे नाव मिळाले. चित्रातल्या बाईंकडे नीट पाहिले, तर तो त्या काळचा व्यापाराचा ताळेबंद आहे. म्हणून मला अशी चित्रे जमवणे ही नुसती चैन वाटत नाही.

माझ्यापुरती सुरुवात झाली ती १९८७ साली, फोर्टातल्या शाखेत बदली झाली तेव्हा. कुटुंब बीडला आणि मी मुंबईत एका खोलीत. शनिवारी बँक अर्धा दिवस. मग फाउंटनच्या पदपथावरची जुनी पुस्तके चाळायची, कधी चोरबाजारापर्यंत जायचे. तिथेच एका दुकानात जुन्या नकाशांच्या चळतीत या बाई मला भेटल्या. त्या एकट्या नव्हत्या, चौघी होत्या. चौघींचे मिळून सहाशे रुपये सांगितले, चारशेवर तुटले. त्या दिवसांत माझ्या खोलीचे भाडे त्याहून कमी होते. बीडला घरी मी आकडा सांगितला नाही.

चित्र अस्सल की अलीकडे छापलेले, हे पाहायला मला कोणी शिकवले नव्हते. पण बँकेत खोटी नोट पकडायची सवय होती. तीच विद्या इथे चालते. भिंगातून पाहावे. बारीक ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ते यंत्राने छापलेले आधुनिक चित्र. कोरलेली रेघ जराशी उठावदार लागते आणि तिच्यावरून हाताने फिरवलेला रंग कुठे दाट, कुठे विरळ असतो. कागद उजेडासमोर धरावा. नोटेसारखी त्यातही कधी पाण्याची खूण सापडते. तांब्याच्या पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती जो चौकोन उमटतो, तो बोटाला जाणवतो.

त्याच दुकानात मी आणखी एक चित्र पाहिले होते, दौलताबादच्या किल्ल्याचे. ते रॉबर्ट ग्रिंडले याच्या पुस्तकातले. हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी आणि हौशी चित्रकार. पश्चिम हिंदुस्थानातली दृश्ये, पोशाख आणि वास्तू यांविषयीचे त्याचे पुस्तक १८२६ ते १८३० या काळात भागाभागांनी निघाले. त्यात ३६ रंगीत चित्रे आहेत. दौलताबाद आहे, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर आहे, वेरूळ आहे. या पुस्तकाचे पहिले भाग काढणारा प्रकाशक तोच, आकरमान! लंडनच्या बायकांचे झगे आणि आमच्या मराठवाड्याचे डोंगर एकाच दुकानातून विकले जात होते. याच ग्रिंडलेने १८२८ साली हिंदुस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांच्या सोयीसाठी लंडनमध्ये एक पेढी काढली. तिचीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली. तिच्या पाटीखालून मी रोज कामावर जात होतो आणि मला याचा पत्ता नव्हता. दौलताबादची किंमत मात्र माझ्या पगाराच्या पलीकडची होती. ते राहिले.

मग माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या क्रमाने सांगतो. जमवण्याच्या छंदावर लिहिणारे लोक आपल्याला काय मिळाले ते सांगतात. आपण काय नासवले ते सहसा सांगत नाहीत.

पहिली चूक खरेदीतच झाली. घरी येऊन पाहिले तर चारही चित्रांच्या डाव्या कडेला सुईची बारीक भोके होती. ती शिवणीची. म्हणजे ही चित्रे कधीच सुटी नव्हती. कोणीतरी मासिकाची बांधीव जिल्द मोडून, मजकूर बाजूला टाकून, चित्रे तेवढी पात्याने काढली होती. अख्ख्या जिल्दीला गिऱ्हाईक एखादे. सुट्या चित्रांना वीस. त्या चित्रासमोरच्या पानावर झग्याचे कापड कोणते, तो कोणत्या वेळी घालायचा, याचे वर्णन छापलेले असणार. ते आता कुठल्या रद्दीत गेले? जगभर हा व्यापार असाच चालतो आणि तो आपल्यासारख्या हौशी गिऱ्हाइकांच्या जिवावर चालतो. चोरी मी केली नाही, हे खरे. पण माल चोरीचा की कसा हे न पाहता तारण ठेवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला आमची बँक काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे.

दुसरी चूक फ्रेमची. बीडला परत बदली झाल्यावर मी चित्रे एका फ्रेमवाल्याकडे दिली. त्याच्याकडे तयार चौकटी होत्या, त्यात चित्र मावेना. त्याने पट्टी ठेवली आणि चारही बाजूंनी कागद छाटला. मी न्यायला गेलो तेव्हा मोठ्या अभिमानाने म्हणाला, "साहेब, कडा जरा जास्त होत्या. आता बघा, कशी गच्च बसली!" त्या छाटलेल्या कडेवर, तळाशी, बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव आणि तारीख होती. बाईंचे साल मला सांगता येत नाही, ते यामुळे. मी त्याला दोष देत नाही. कडा राखायची, हे मी त्याला सांगितले नव्हते. कारण ते मलाच माहीत नव्हते.

तिसरी चूक उन्हाची. बैठकीतली पश्चिमेची भिंत मोकळी होती आणि समोर खिडकी. चौघी तिथे टांगल्या. आमच्याकडचा उन्हाळा वाचकांना माहीत आहेच. सहा-सात वर्षांत एकीचा गुलाबी डगला राखी झाला. जुन्या जलरंगांतले गुलाबी आणि किरमिजी रंग उजेडाला फार हळवे असतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. मागे लावलेल्या हार्डबोर्डने कागदावर तपकिरी डाग पाडले आणि एकीला कसर लागली. चौघींपैकी दोघीच आज पाहण्यासारख्या उरल्या आहेत.

या तिन्ही चुका पैशाच्या आणि अज्ञानाच्या. चौथी तशी नाही.

२३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला पूर आला. बीडमध्ये ज्यांनी तो पाहिला, त्यांना वेगळे सांगायला नको. माणसे गेली, घरे गेली. आमचे जुने घर नदीच्या बाजूच्या गल्लीत. मी मुंबईहून पोचलो तेव्हा पाणी ओसरले होते आणि घरात गुडघाभर गाळ होता. आई, वडील सुखरूप होते, त्यापुढे बाकी कशाचे काही वाटत नव्हते. आम्ही फावड्याने गाळ ओढत होतो. दारासमोर ढीग वाढत होता: गाद्या, धान्य, माझी शाळेची पुस्तके. तेवढ्यात आई एक तसबीर घेऊन आली. "अरे, ही तुझ्या आजीची लक्ष्मी. हिचं काय करायचं?"

ती रविवर्म्याची लक्ष्मी. आजीच्या देवघरात असायची. कागद फुगून काचेला चिकटला होता, चेहऱ्यावर चिखलाचा ओघळ होता. या लक्ष्मीला आजीने सजवले होते. साडीच्या काठावर खरी जर चिकटवलेली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, आणि चोळीच्या जागी खणाचा एक लहानसा तुकडा, चित्रातल्या आकाराला बरोबर कापून लावलेला. लहानपणी समईच्या उजेडात ती लक्ष्मी चमकायची आणि मला तिची थोडी भीती वाटायची. मी तसबिरीकडे एकदा पाहिले आणि आईला म्हणालो, "टाकून दे. बाजारात पन्नास मिळतील अशा."

आईने ती ढिगावर ठेवली. फेकली नाही, ठेवली. हा फरक माझ्या तेव्हा लक्षात आला नाही. त्या वेळी माझ्या मुंबईच्या खोलीत, पत्र्याच्या ट्रंकेत, टिपकागदात गुंडाळून लंडनच्या चौघी कोरड्या नि सुखरूप होत्या.

याचा अर्थ मला कळला तो बत्तीस वर्षांनी. २०२१ साली, निवृत्तीनंतर घरी बसलेला असताना, भावाच्या नातीने संगणकावर आकरमानच्या मासिकाच्या जुन्या जिल्दी उघडून दाखवल्या. जगातल्या ग्रंथालयांनी त्या पानन्‌पान उतरवून ठेवल्या आहेत. पाने उलटता उलटता एक विचित्र पान आले. छापलेली एक नक्षीदार चौकट, आणि तिच्यात चित्रांऐवजी कापडाचे खरेखुरे तुकडे चिकटवलेले. मलमलीचा एक, छिटाचा एक, रेशमाचा एक. सुरुवातीच्या काही वर्षांत आकरमान अंकात असे नमुने लावून देत असे, म्हणजे वाचक बाईला कापड बोटाने चाचपून पाहता यावे. दोनशे वर्षांपूर्वीचे सूत संगणकाच्या पडद्यावर दिसत होते, धागे मोजावेत इतके स्पष्ट. पुढे कळले की फ्रान्समध्ये त्याच्याही शंभर वर्षे आधी हौशी लोक पोशाखाच्या छापील चित्रांतला झग्याचा भाग कापून काढीत आणि तिथे खरे रेशीम लावीत. अशी चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांनी जपली आहेत.

त्या वेळी आमची आत्या घरी आलेली होती. नव्वदीच्या घरात, पण नजर शाबूत. तिने ते पान पाहिले आणि सहज म्हणाली, "ह्यात काय नवल? आमच्या आईनं तेच केलं होतं की. लक्ष्मीच्या अंगात तिच्या लग्नातल्या चोळीचा खण होता. चोळी विरली, तेव्हा चांगला राहिलेला तेवढा तुकडा तिनं देवीला घातला."

आजीचे लग्न १९२० च्या आसपासचे. तिचा फोटो नाही. तिच्या लग्नातले लुगडे, दागिना, भांडे, काही उरलेले नाही. तिच्या त्या दिवसाचा जो एकमेव चौरस इंच पृथ्वीवर शिल्लक होता, तो मी गाळाच्या ढिगावर ठेवायला लावला, आणि तो कोणता हे विचारलेही नाही. चारशे रुपये मोजून ज्यांचे कपडे जपले, त्या लंडनच्या बायका कोणीच नव्हत्या.

बाजारात पन्नास मिळतील, हे माझे म्हणणे तेव्हाही अर्धेच खरे होते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, असे दगडामागून दगड छापून ती चित्रे होत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि पुढेही बरीच वर्षे चालला. १९७२ साली त्याला आग लागली. त्याआधी पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली होती. या छापखान्यांनी देव घराघरांत नेले, आणि देवांबरोबर कपडेही नेले. रविवर्म्याच्या कितीतरी नायिका आणि देवता आपल्या पद्धतीचे लुगडे नेसलेल्या दिसतात. लक्ष्मी-सरस्वती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काठपदराची साडी येते, ती याच चित्रांमुळे. लंडनच्या बायकांनी आकरमानचे चित्र पाहून शिंप्याला झगा सांगितला. आमच्या आज्यांनी आपल्या कपड्यांत देवी पाहिली आणि तिला आपला खण घातला. पोशाखाचा इतिहास म्हणून दुसऱ्या गोष्टीचे मोल पहिलीपेक्षा काडीइतकेही कमी नाही.

यावर कोणी म्हणेल, बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात या गप्पा कशाला? दसरा झाला की इथली माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, घरांना सहा-सहा महिने कुलुपे लागतात. त्यांना तसबिरी जपायला सांगता? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. मला वाटते, कुलूप लावलेल्या घरात भिंतीवर जे मागे राहते, तेच त्या घराचे दप्तर असते. लग्नातला एखादा फोटो, जत्रेतून आणलेली तसबीर, आजीचे इरकली लुगडे. श्रीमंताच्या घराण्याची कागदपत्रे असतात, चित्रकार येऊन गेलेले असतात. गरिबाच्या घरचे एवढेच असते आणि तेच सगळ्यात आधी रद्दीत जाते. जपायला पैसे लागतात, हाही गैरसमज आहे. उन्हाच्या भिंतीवरून तसबीर सावलीच्या भिंतीवर नेण्याला पैसे लागत नाहीत. ओल येणाऱ्या भिंतीपासून ती बोटभर दूर टांगायला दोन बुचे पुरतात. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये जाड कागदाची चौकट घालायची आणि मागे हार्डबोर्डाऐवजी आम्लविरहित पुठ्ठा; मोठ्या शहरात तो मिळतो आणि खर्च एका हॉटेलच्या जेवणाएवढा. फ्रेमवाल्याला बजावायचे, कडा छाटायची नाही. संग्रहालयेसुद्धा कागदावरची रंगीत चित्रे सुमारे ५० लक्सच्या मंद उजेडात, काही महिनेच मांडतात आणि मग अंधारात विश्रांती देतात. आजीने तिची लक्ष्मी देवघरात, समईच्या उजेडात ठेवली होती. शास्त्र तिला कोणी शिकवले नव्हते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या. कोणाची, कुठून आली, काय विशेष. शाईने नको, शाई पुढच्या बाजूला उतरते. बँकेत आम्ही खातेदाराच्या मागे लागून नामनिर्देशनाचा कागद भरून घेत असू. तो नसला की पैसे असूनही वारसाला मिळताना नाकी नऊ येत. तसबिरीचेही तसेच आहे. माझी आजी नामनिर्देशन न करता गेली आणि ठेव बुडाली.

घरापुरते झाले, पण हे सार्वजनिक कामही आहे. पुण्याचे दिनकर केळकर यांचा व्यवसाय चष्म्यांचा. त्यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, फण्या, दौती अशा घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली. लोक हसले असतील. मुलगा राजा लहानपणी वारला, त्याचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. एका माणसाने हे केले. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण प्रत्येक तालुक्याच्या गावी वाचनालय आहे आणि वाचनालयाला एखादी तरी सावलीची भिंत आहे. वर्षातून आठ दिवस त्या भिंतीवर गावातल्या घरांतून मागून आणलेल्या तसबिरी, जुने फोटो, एखादे लुगडे मांडावे. खाली चिठ्ठी: वस्तू कोणाची, तिची गोष्ट काय. एक फोटो काढून नोंद वाचनालयात ठेवावी आणि वस्तू ज्याची त्याला परत करावी. इमारत नको, अनुदान नको. शाळेतली पोरे नोंदी करतील. त्यांना आपापल्या आजीला प्रश्न विचारायला निमित्त मिळेल, हा वरचा नफा. सुरुवात करायला माझ्या दोन बाई मी द्यायला तयार आहे. त्यांना चिखलाची नाही, पण चुकांची बरीच माहिती आहे.

त्यातल्या एकीच्या पाठीवर मी आता पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: चोरबाजार, १९८८, चारशे रुपयांत चार, कडा छाटली, साल गेले. आणि त्याखाली आजीच्या लक्ष्मीची हकिगत. आजीची तसबीर नाही, पण ती होती एवढे तरी कोणाला कळेल.

दिवाळीपूर्वी घराला रंग देताना सगळ्या तसबिरी भिंतीवरून खाली उतरतात. त्यातल्या निम्म्या पुन्हा वर चढत नाहीत. भंगारवाला काचेचे नि चौकटीचे पैसे देतो. चित्राचे काही देत नाही, ते तसेच जाते. यंदा त्याला हाक मारण्याआधी तसबीर उलटी करून पाहा, आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याला एकदा विचारा. मी विचारले नव्हते.